मुंबईत खायचं कुठे हे सगळेच सांगतात, कधी जायचं तेही सांगा की

चाकरमानी

मुंबईत कुठे खायचं याच्या याद्या ढिगाने आहेत, व्हॉट्सॅपवर आठवड्याला एखादी तरी फिरत फिरत येतेच. पण त्यात वेळ कधीच लिहिलेली नसते. आणि माझं ठाम मत आहे की या शहरात खायचं असेल तर जागेइतकीच वेळ महत्त्वाची. ग्रँट रोड स्टेशनबाहेरच्या बी. मेरवानमध्ये तुम्ही आरामात अकरा वाजता गेलात आणि मावा केक मागितलात तर बहुतेक वेळा रिकामे ट्रेच दिसणार, मग माणूस घरी येऊन म्हणणार की उगाच नाव झालंय त्याचं. तेच सकाळी सातला जा, केक अजून कोमट असतो, वरचा कागद सोलताना वेलचीचा वास येतो, समोर चहा, बास.

याला कारण आहे. इथली जुनी हॉटेलं कुणाच्या हौसेखातर निघालेली नाहीत, गाव सोडून आलेल्या माणसांच्या पोटासाठी निघालीत आणि त्या माणसांच्या कामाच्या वेळा धरून ती चालायची. गिरणीची पाळी वेगळी, गोदीतला हमाल वेगळ्या वेळी सुटणार, फोर्टातला कारकून एक वाजता जेवणार, मूळजी जेठा कापड मार्केटातला गुमास्ता पेढी बंद झाल्यावर. गिऱ्हाईक बदललं, गिरण्या गेल्या, पण हॉटेलांच्या वेळा बऱ्याच ठिकाणी तशाच राहिल्यात. म्हणून म्हटलं तुमची आवडती जागा सांगताना तिची वेळ पण सांगा, आणि त्या वेळेलाच का तेही.

सुरुवात मी करतो. सकाळ म्हणजे इराणी, म्हणजे इराण्यांची जुनी चहा-बेकरीची हॉटेलं, यात मला तरी दुसरं मत नाही. धोबीतलावचं क्यानी, १९०४ सालचं, मेट्रो सिनेमाच्या समोर जेर महालात. सकाळी पहिल्या दोन तासात जायचं, तेव्हा बेकरीचा माल ताजा असतो आणि टेबलासाठी उभं राहावं लागत नाही. ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, आणि चहा. ब्रूनचं कवच इतकं कडक असतं की नुसतं चावलं तर टाळूला लागतं, तो चहात बुडवूनच खायचा, मस्क्याचे तवंग चहावर आले पाहिजेत. सोबत भूक असेल तर अकुरी, म्हणजे पारशी अंडाभुर्जी, किंवा खिमा पाव. मेरवान १९१४ सालचं, २०१४ मध्ये ते बंद होणार अशी बातमी आली होती तेव्हा शेवटचा केक म्हणून लोकांनी रांगा लावल्या होत्या, नंतर परत सुरू झालं म्हणून आपण आज हे बोलतोय.

आणि दुपार म्हणजे बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया. १९२३ चं. इथे रात्रीचं जेवण विसरा, हे दुपारचं हॉटेल, कारण आजूबाजूला सगळी बंदराची आणि जहाज कंपन्यांची ऑफिसं. बेरी पुलाव मागवा. त्यात वरून टाकलेली ती लाल आंबट बेरी इराणहून येते, झरेश्क म्हणतात तिला. हा पुलाव इथे आणला तो बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने, त्या इराणमध्ये राहिलेल्या होत्या. बोमन काका २०१९ मध्ये गेले, ९७ वर्षांचे होते, शेवटपर्यंत टेबलाटेबलाशी येऊन ऑर्डर घ्यायचे आणि लिंबू घातलेला फ्रेश लाइम सोडा घ्याच म्हणून आग्रह करायचे. सोबत पालनजीचा रास्पबेरी सोडा, नंतर कॅरॅमल कस्टर्ड. एकच्या ठोक्याला गेलात तर ऑफिसवाल्यांच्या गर्दीत सापडाल, साडेअकरा बारा किंवा मग अडीचच्या पुढे जा.

येऊ द्या तुमच्या.


रसमवडा

धागा फार आवडला. माटुंग्याबद्दल मीच लिहिणार, दुसऱ्या कुणी आधी लिहिलं असतं तर वाईट वाटलं असतं :)

माटुंग्यात तीन वेळा आहेत आणि तीन वेगळी हॉटेलं. एकदम सकाळ म्हणजे रामाश्रय, स्टेशनच्या बाहेर पूर्वेला, १९३९ पासूनचं. सकाळी लवकर उघडतं, कामावर जायच्या आधी उभ्या उभ्या इडली आणि फिल्टर कॉफी घेऊन लोक गाडी पकडतात. बोर्डावर त्या दिवशीचे पदार्थ लिहिलेले असतात ते आधी वाचायचे, शिऱ्याचा प्रकार रोज बदलतो, अननसाचा असेल तर सोडू नका. टेबल शेअर करावं लागेल, अनोळखी माणूस समोर बसेल, त्याचं काही वाटून घ्यायचं नाही, इथे तीच पद्धत आहे.

मग कॅफे मद्रास, किंग्ज सर्कलला, १९४० चं. हे वीकडेला जायचं ठिकाण आहे. रविवारी सकाळी तिथे जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे पण फुटपाथवर नाव लिहून तासभर उभं राहायची माझी तयारी नसते. मंगळवार बुधवारी दुपारी तीन साडेतीनला जा, शांतपणे बसायला मिळतं. रसम वडा घ्या, वडा रसमात पूर्ण भिजलेला, मऊ झालेला पण मोडलेला नाही. मग नाचणीचा डोसा किंवा नीर डोसा. पोडी इडलीवर, म्हणजे डाळी-मिरचीची पूड लावलेल्या इडलीवर, तूप घालून देतात ती पण.

आणि दुपारचं जेवण रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ चं, स्टेशनजवळ मार्केटच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. आधी कूपन, मग रांगेतल्या बाकावर बसायचं, मग केळीचं पान. रसम, सांबार, दोन भाज्या, कूटू (डाळ घातलेली भाजी), ताक, पापड. वाढपी हात आखडता घेत नाहीत. मद्रासकडून आणि कानडी मुलखातून नोकरीसाठी आलेले एकटे पुरुष माटुंग्यात खोल्या घेऊन राहायचे, त्यांच्यासाठी हे बोर्डिंग, म्हणून नाव हॉटेल नाही, बोर्डिंग. भूक लागल्यावर जायचं एवढंच, नाश्ता भरपेट करून इथे गेलात तर पानाचा अपमान होतो असं मला खरंच वाटतं.

जाता जाता, सर्कलच्या तोंडाशी कूलर अँड को आहे, इराणी, १९३२ चं. दुपारी चार वाजता एकट्याने पुस्तक घेऊन बसायला त्याच्यासारखी जागा माटुंग्यात नाही.


पोटोबा_आधी

+१ रामा नायक. पान उचलून स्वतः टाकायची सवय असलेल्यांनी तिथे बसून राहा, वाढप्यांना आवडत नाही :)


लालबागची_काकू

चाकरमानी, तुम्ही गिरण्यांच्या पाळ्यांचा उल्लेख केलात म्हणून लिहायला बसले. ज्या जागांबद्दल लिहिणार आहे त्या आता नाहीत, पण तुमच्या धाग्याचं मूळ तिथेच आहे असं वाटतं.

गिरणगावात एकेका खोलीत दहा पंधरा वीस पुरुष राहायचे, बिऱ्हाड गावाला. पाळ्यांनी काम आणि पाळ्यांनी झोप, एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा. ह्यांना जेवण कोण देणार? तर चाळीतल्याच बायका. महिन्याची खानावळ. स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत चूल, नंतर स्टोव्ह, पहाटे चारला उठून पहिल्या पाळीच्या भाकऱ्या, दुपारी दुसऱ्या पाळीचं, आणि रात्री पाळी सुटल्यावर येणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेलं. कोकणातल्या माणसाला भात आणि निदान सुकटीचं कालवण लागायचं, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी, एकच बाई दोन्ही करायची. पैसे पगाराच्या दिवशी. संप झाला की पैसे नाहीत, तरी ताट बंद केलं नाही कित्येकींनी, त्यासाठी सावकाराकडे गेल्या, डोरली गहाण ठेवली. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ह्याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्ज मिळवून दिलं, ही गोष्ट मुंबईच्या खाण्याबद्दल बोलताना कुणी सांगत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. इराण्यांच्या खुर्च्यांवर लेख येतात, ह्या बायकांवर नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि मग गिरण्याच गेल्या, खानावळीही गेल्या. काहींच्या मुलांनी पोळीभाजी केंद्रं काढली. दादर परळ लालबाग पट्ट्यात जी पोळीभाजी केंद्रं दिसतात तिथून घेताना हे लक्षात असू द्या.

आता वेळ. लालबागला खायला नाही, खरेदीला या, आणि एप्रिल मे मध्ये या. मिरची गल्लीत तेव्हा मसाले भाजायचा आणि कांडायचा मोसम असतो, सगळा परिसर खोकत असतो पण काय वास. शेजारी चिवडा गल्ली. पातळ पोह्याचा, मक्याचा, भाजक्या पोह्याचा, समोर परातीत कालवलेला असतो तो घ्या. गणपतीत येऊ नका खायला, मुंगी शिरायला जागा नसते.


चाकरमानी

काकू, तुमच्या प्रतिसादापुढे माझा मूळ धागा छोटा आहे. हे वेगळा धागा काढून सविस्तर लिहाच अशी विनंती.


गिरगावची_पोरगी

काकूंना नमस्कार. अनुमोदन, वेगळा धागा हवा.

गिरगाव माझं. आमच्याकडची वेळ म्हणजे रविवार सकाळ नऊ आणि संध्याकाळी पाच. सकाळी नऊला ठाकूरद्वारचं विनय हेल्थ होम, मिसळ. ही कोल्हापूरची मिसळ नाही हे आधीच मनात ठेवून जा, तिखटाने डोळ्यातून पाणी काढणं हा तिचा हेतूच नाही. मटकी, बटाटा, फरसाण, रस्सा जरा गोडसर अंगाचा आणि मसाल्याचा वास पुढे. संध्याकाळी पणशीकरांकडे पियुष आणि साबुदाणा वडा. उपासाच्या दिवशी मात्र पाचला नाही, साडेतीन चारलाच जायचं, आषाढी एकादशीला तर विचारूच नका.

खोताच्या वाडीत अनंताश्रम होतं. बंद होऊन बरीच वर्षं झाली. गोव्याकडच्या पद्धतीची माशाची आमटी आणि भात. माझे बाबा अजून दुसरीकडचं कुठलंही कालवण खाल्लं की चव घेऊन मान हलवतात आणि काही बोलत नाहीत, आम्हाला कळतं कशाशी तुलना चाललीय.


दादर_पश्चिम

मिसळीचा विषय निघाला आणि आस्वादचं नाव नाही? सेनाभवनाच्या समोर, १९८६ चं. २०१५ मध्ये लंडनच्या फूडी हबने त्यांच्या मिसळीला जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ म्हणून निवडलं होतं. वेळ: शनिवार रविवार सोडून कधीही, आणि दुपारी जेवणाच्या वेळेआधी.

पण मला विचाराल तर दादरमध्ये मिसळीपेक्षा प्रकाशचा साबुदाणा वडा आणि डाळिंबीची उसळ वर आहे. प्रकाश शाकाहारी उपहार केंद्र, तिथलं पियुष पण घट्ट असतं, चमच्याने खावं लागतं जवळपास. आणि स्टेशनजवळ मामा काणे, १९१० पासून, बटाटावडा. संध्याकाळी गाडी पकडायच्या आधी.

वडापावचं म्हणाल तर दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी तो पहिल्यांदा विकायला सुरुवात केली असं सांगतात. तो पावात घातलेला वडा गाडी धावत पकडणाऱ्या माणसासाठीच आहे, प्लेटमध्ये चमचा काटा देऊन जे विकतात त्यांच्याबद्दल मी काही बोलणार नाही. कीर्ती कॉलेजजवळच्या अशोक वडापावकडे चुरा पाव मिळतो, वडे तळताना कढईत जो बेसनाचा चुरा सुटतो तो पावात भरून. संध्याकाळी घाणा चालू असतानाच जायचं. तो चुरा गार झाला की त्यात काही राम नाही.


ठाण्याची_मी

ठाणं चालेल का धाग्याला? नाही म्हणालात तरी लिहिणार.

मामलेदार मिसळ. ज्यांना वाटतं मुंबईकडची मिसळ गोड असते त्यांनी तहसीलदार कचेरीजवळ जाऊन "तिखट" म्हणावं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मध्यम घ्या, खरंच सांगते, प्रेमाने सांगते. ताक आधीच मागवून ठेवा. वेळ सकाळी दहा साडेदहा, कारण रस्सा तेव्हा नुकताच मुरलेला असतो आणि रांग सरकत असते. आणि संध्याकाळी गजानन वडापाव, त्याच्याबरोबर बेसनाची पिवळी पातळ चटणी देतात, ती वाटीने पिणारे लोक मी पाहिलेत. स्टेशनजवळ कुंजविहारचा वडा एकट्याला संपत नाही, दोघात एक घ्या.


पोटोबा_आधी

ठाणं चालतंय. गिरगावची_पोरगी आणि ठाण्याची_मी यांनी एकदा एकमेकींकडे जाऊन मिसळ खावी आणि इथे लिहावं.


गिरगावची_पोरगी

मी तयार आहे. मामलेदारला मी जातेच की, पण तिकडे मी तिखट खायला जाते आणि विनयला मिसळ खायला जाते, दोन वेगळ्या भुका आहेत ह्या.


रात्रपाळी

हॉस्पिटलमध्ये नोकरी आहे, भायखळा भागात. माझा दिवस रात्री सुरू होतो त्यामुळे माझी यादी तुमच्या सगळ्यांच्या उलटी आहे.

पहिलं भेंडी बाजारचं नूर मोहम्मदी, १९२३ चं. नल्ली निहारी. निहारी रात्रभर मंद आचेवर शिजवायची आणि सकाळी खायची अशी मुळात रीत, अंगमेहनत करणाऱ्यांचं सकाळचं जेवण ते. नल्लीच्या हाडातली मज्जा ठोकून रश्शात उतरवायची, वरून आलं, लिंबू, हिरवी मिरची, आणि खमीरी रोटी. रात्रपाळी संपवून सकाळी हे खाऊन घरी जाऊन झोपणं म्हणजे काय असतं ते रात्रपाळी करणाऱ्यालाच कळेल. बोहरी मोहल्ल्यात वलीभाई पायावाला, तिथे बारा हंडी. भट्टीवर हंड्या पुरलेल्या असतात, प्रत्येकीत वेगळा भाग शिजत असतो, पाया, नळी, सुखा, आणि तुम्ही सांगाल तसं एकात एक मिसळून देतात. काय मागायचं कळत नसेल तर त्यांनाच विचारा, नीट समजावून सांगतात.

त्याच मोहल्ल्यात ताज आइसक्रीम, १८८७ पासून. अजून संचा हाताने फिरवतात, बर्फ आणि मीठ घालून. सीताफळाच्या दिवसात सीताफळ, मे मध्ये आंबा. हे संध्याकाळी किंवा रात्री.

रमजानबद्दल लिहायलाच हवं. मिनारा मशिदीच्या गल्लीत इफ्तार झाल्या झाल्या जाऊ नका, ती वेळ रोजा सोडणाऱ्यांची आहे, दिवसभर उपाशी असलेल्या माणसाच्या आधी आपण ताट भरून घेणं बरं दिसत नाही. रात्री दहानंतर जा. सुलेमान उस्मानकडे मालपुवा, अंड्याचा, तव्याएवढा, वर मलई, एक मालपुवा चौघात. फिरनी मातीच्या कुंड्यात. गाडी नेऊ नका, सँडहर्स्ट रोड किंवा मस्जिद स्टेशनला उतरून चालत या. बायकांना विचारायचं असतं की एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर गेलं तर चालतं का, मी जाते, पूर्ण कुटुंबं लहान मुलांसकट मध्यरात्रीपर्यंत तिथे असतात.


कोकणकडा

माशांचं कुणीच लिहिलं नाही अजून!! बरं झालं, माझ्यासाठी राहिलं.

माशांची वेळ घड्याळात बघायची नाही, कॅलेंडरात बघायची. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, माशांची वीण वाढायचे दिवस असतात ते. त्या दोन महिन्यात हॉटेलात जो पापलेट सुरमई मिळतो तो बर्फातला किंवा दुसरीकडून आलेला. मग लोक नंतर नाराजी इंटरनेटवर लिहितात. तेव्हा मागवायचं ते सुक्याचं, सोड्यांची खिचडी, सुक्या बोंबलाचं कालवण, सुकटीची चटणी, पावसात याच्यासारखं काही नाही. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतात आणि होड्या पाण्यात जातात, त्यानंतर मात्र ओले बोंबील खायचे. हॉटेल चांगलं की वाईट हे मी बोंबलावरून ठरवतो. त्याच्या अंगात नुसतं पाणी असतं, ते वजनाखाली दाबून काढलं नसेल तर रव्याचं कवच मऊ पडतं. बरोबर केलेला बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा, काटा सुद्धा लागत नाही.

दादरला चैतन्य आणि सिंधुदुर्ग, वांद्रे पूर्वेला हायवे गोमांतक. तिसऱ्यांचं सुकं, कोळंबी मसाला, वडे, सोलकढी. सोलकढी आधी प्यायची की नंतर यावर घरोघरी वाद आहेत, मी भातावर पण घेतो.

आणि आता तुमच्या धाग्याला शोभेल अशी टिप. मालवणी हॉटेलात शुक्रवार रविवार बुधवार गर्दी असते. सोमवार, मंगळवार, गुरुवार, संकष्टी, आणि अख्खा श्रावण तिथे सहज जागा मिळते कारण अर्धी मुंबई पाळते. जे पाळत नाहीत त्यांनी श्रावणातल्या गुरुवारी दुपारी जावं, हॉटेलवाला स्वतः येऊन गप्पा मारतो आणि आत काय चांगलं आलंय ते खरं सांगतो. श्रावणात नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुरू झालेल्या असतात हेही लक्षात घ्या, म्हणजे मासळी ताजी आणि गिऱ्हाईक कमी.


दादर_पश्चिम

कोकणकडा, ही टिप आमच्या घरात गुप्त होती. आई गुरुवार पाळते, मी आणि बाबा जेवायला "बाहेर कामाला" जातो.


मनमाडचा_पाहुणा

सगळं वाचतोय, भूक लागली. एक मदत हवी. पुढच्या आठवड्यात वडिलांना घेऊन मुंबईला येतोय, फोर्टात एक काम आहे. पंचवटी एक्स्प्रेसने येणार आणि संध्याकाळी पंचवटीनेच परत. म्हणजे सकाळचं मेरवान, क्यानी वगैरे जमणार नाही, रात्रीचं काहीच नाही. वडील माळकरी आहेत, कांदा लसूण चालतो पण अंडं सुद्धा नाही. वय झालंय, जास्त चालवत नाही, पण त्यांना खायची खूप आवड आहे आणि ते मुंबईला फार वर्षांनी येतायत. काय करू?


रसमवडा

माटुंगा तुम्हाला उलटं पडेल, पुढच्या वेळी या. पण वडिलांना केळीच्या पानावर जेवू घाला कधीतरी, माळकरी माणसाला ते जेवण फार आवडतं असा अनुभव आहे.


कटिंग_स्पेशल

खाण्याचं चाललंय तर मी पिण्याचं लिहून घेतो, मग पाहुण्यांचं उत्तर चाकरमानी देतीलच.

क्रॉफर्ड मार्केटच्या समोर बादशाह, १९०५ पासून. फालुदा. हा उन्हाळ्यात दुपारी चारला, मार्केटात फिरून पाय दुखायला लागल्यावर. प्रिन्सेस स्ट्रीटला पारसी डेअरी, १९१६ ची, मलई कुल्फी. चर्चगेटला के. रुस्तम, १९५३ चं, आइसक्रीमची लादी दोन वेफर बिस्किटांच्या मध्ये ठेवून हातात देतात, ते घेऊन चालत मरीन ड्राइव्हला जाऊन कठड्यावर बसेपर्यंत ते वितळतं म्हणून दुकानासमोरच खाऊन टाका आणि मग चालत जा.

आणि ज्यांना बिअर चालते त्यांच्यासाठी कुलाब्याचं मोंडेगार. १९३२ चं, भिंतीवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांची चित्रं. शनिवारी रात्री आत जायला रांग असते आणि आवाजाने बोलणं ऐकू येत नाही, आठवड्यातल्या एखाद्या दिवशी दुपारी जा, खिडकीजवळ बसा आणि भिंतीवरची माणसं एकेक करून बघा, प्रत्येक माणसाची काहीतरी गडबड चाललेली आहे, दोन तास सहज जातात. थोडं पुढे लिओपोल्ड, १८७१ पासूनचं. २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा भिंतीवर तशाच ठेवल्यात. तिथे पहिल्यांदा जाणारा प्रत्येकजण त्या बघतो, हॉटेलवाले पण अडवत नाहीत.


चाकरमानी

मनमाडचे पाहुणे, तुमच्यासाठी बसून विचार केला. तुमचं सगळं सीएसएमटीच्या आसपासच होण्यासारखं आहे, टॅक्सी फार लागणार नाही.

पंचवटीतून उतरलात की अकराच्या सुमारास स्टेशनसमोर बोरा बाजारच्या तोंडाशी पंचम पुरीवाला. साधी पुरीभाजी, बटाट्याची पातळ भाजी. पंचवटीत तुम्ही काहीतरी खाल्लेलं असणारच, म्हणून एकच प्लेट दोघात घ्या, जेवण पुढे आहे. मग फोर्टातलं काम उरका. काम संपायला एक दीड वाजेल असं धरतो.

जेवायला काळबादेवीचं श्री ठाकर भोजनालय, १९४५ चं, दादीशेठ अग्यारी लेनमध्ये. गुजराती थाळी. फोर्टातून टॅक्सी करा, चालत गेलात तर गर्दीत वडिलांचे हाल होतील. जिना चढावा लागतो तेवढं सांभाळा, पहिल्या मजल्यावर आहे. कापड बाजारातल्या एकट्या राहणाऱ्या लोकांसाठी या भागात अशी बरीच भोजनालयं निघाली, हे त्यातलं टिकलेलं. फुलके तुपात बुडवून येतात, आणि एक संपायच्या आत दुसरा. वाढणारे आग्रह करतात आणि वडीलधारी माणसं बरोबर असली की जरा जास्तच करतात. फरसाणात काय आहे ते विचारा, आंब्याचा मोसम असेल तर आमरस. दोन वाजेपर्यंत पोचायचं बघा म्हणजे घाई होणार नाही.

जेवण झाल्यावर लगेच उठू नका. तिथून टॅक्सीने क्रॉफर्ड मार्केट, वडिलांना बाजार आतून दाखवा, फळांचा भाग सावलीत आहे. मग चारला कटिंग_स्पेशल म्हणतात तसं बादशाह. फालुद्यात जिलेटिन वगैरे असतं का असा प्रश्न वडिलांना पडला तर तिथे सरळ विचारून घ्या, नाहीतर ताज्या फळांचा रस घ्या, तोही चांगला असतो.

पाचला परत सीएसएमटी. स्टेशनसमोर आरामकडे गाडीसाठी वडापाव, कोथिंबीर वडी आणि साबुदाणा वडा बांधून घ्या. तिथल्या पियुषाचा एक ग्लास वडिलांना तिथेच पाजा, ते बांधून नेण्यात मजा नाही.


लालबागची_काकू

पाहुणे, वडिलांसाठी हलकं काही हवं असेल तर ठाकरांच्याकडे सांगा की थोडं थोडं वाढा, ऐकतात ते. आणि त्यांच्या वयाला दुपारी जेवणावर फालुदा जड होईल, दोघात एक घ्या.


मनमाडचा_पाहुणा

काकू, चाकरमानी, सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं कागदावर लिहून घेतलंय, वडिलांनीच लिहून घ्यायला सांगितलं, आमरसाखाली त्यांनी रेघ मारलीय. एक विचारायचं राहिलं, आरामचे वडे इगतपुरीपर्यंत टिकतील का गरम?


पोटोबा_आधी

कसाऱ्याच्या आत संपतील हो. आणि चटणी वेगळ्या पुडीत मागा, आतच घातली तर पाव ओला होतो.